केमो सुरू असताना शुगर कशी सांभाळायची?

नवागाम-डिंडोलीत आपल्या खानदेशी मंडळींची जी घरं आहेत, त्यातल्या कितीतरी घरांत कपाटाच्या वरच्या खणात डायबिटीसची एक फाइल असते. कुणाच्या सासऱ्यांची, कुणाच्या आईची. दहा-बारा वर्षांची जुनी, कोपरे दुमडलेली. गोळ्या ठरलेल्या, महिन्याला एकदा उपाशीपोटी रक्त तपासायचं, साखरेचा चहा बंद, भात कमी. घराला त्याची सवय झालेली असते. मग एक दिवस त्याच घरात दुसरी फाइल येते, कॅन्सरची. ती जाड असते, नवी असते आणि सगळ्यांना घाबरवून टाकते. पहिली फाइल मागे पडते. गोळ्या मात्र जुन्याच चालू राहतात, जुन्याच वेळेला.

मी सुरतेत बावीस वर्षं नर्स म्हणून नोकरी केली. त्यातली नऊ वर्षं केमोच्या वॉर्डात गेली. आता घरी असते, पण गल्लीतली माणसं अजून फाइल घेऊन येतात. मंडळाच्या अंकासाठी आरोग्यावर काहीतरी लिहा असा निरोप आला, तेव्हा हाच विषय डोक्यात आला. कॅन्सरचे उपचार सुरू झाले की डायबिटीसचे घरातले जुने नियम तसेच चालत नाहीत. ते नव्याने ठरवून घ्यावे लागतात, आणि तसं आपल्याला आपणहून कुणी सांगेलच असं नाही.

ही दोन दुखणी एकत्र येणं आता नवलाचं राहिलेलं नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या देशभरच्या पाहणीचे आकडे २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यानुसार आपल्या देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना डायबिटीस आहे. दुसरीकडे भारतातल्या पुरुषांमध्ये तोंडाचा कॅन्सर सर्वांत वरच्या क्रमांकावर आहे. आपल्या भागात त्याचं कारण कुणाला विचारायला जावं लागत नाही. लूमवर रात्रपाळी करणाऱ्याच्या खिशात मावा असतो, गावाकडून आलेल्या आजीच्या डबीत मशेरी असते.

आता मुद्द्याचं. केमोच्या दिवशी सलाइनमधून जे पहिलं इंजेक्शन जातं, ते बहुतेक वेळा केमोचं नसतंच. उलटी होऊ नये, औषधाची ॲलर्जी येऊ नये म्हणून आधी काही औषधं देतात, आणि त्यात बहुधा डेक्सामिथासोन नावाचं स्टेरॉइड असतं. वॉर्डात आम्ही त्याला नुसतं 'डेक्सा' म्हणायचो. पुढचे दोन-तीन दिवस त्याच्याच गोळ्या घरी घ्यायला देतात. लिम्फोमा आणि मायलोमासारख्या रक्ताच्या कॅन्सरमध्ये तर स्टेरॉइड हा उपचाराचाच भाग असतो. हे औषध फार उपयोगी आहे. पण ते यकृताला जास्त साखर रक्तात सोडायला लावतं आणि इन्सुलिनचा अंगावरचा परिणाम कमी करतं. डायबिटीसच्या माणसाची शुगर त्याने झपाट्याने वाढते. ज्याला आधी कधीच डायबिटीस नव्हता, अशा माणसाचीही वाढू शकते.

इथेच घरचे लोक फसतात. सकाळी घेतलेल्या स्टेरॉइडचा जोर दुपारच्या जेवणानंतर आणि संध्याकाळी दिसतो. रात्रभरात तो बऱ्याचदा उतरतो. म्हणून सकाळी उपाशीपोटी तपासलं की आकडा बरा दिसतो. आमच्या मागच्या गल्लीतल्या एका आप्पांची सून मला कौतुकाने वही दाखवायला आली होती. रोज सकाळचा आकडा लिहिलेला: ११८, १२४, १२१. आणि आप्पा मात्र पाणी पिऊन पिऊन बेजार, रात्रीतून सहा वेळा लघवीला उठायचे, जीभ कोरडी पडलेली. सून म्हणाली, "केमोमुळे अशक्तपणा आला असंन." मी म्हटलं, आत्ता तपास. दुपारचे साडेतीन वाजले होते, जेवून दोन तास झाले होते. मशीनवर आकडा आला ३६२.

दुसऱ्या दिवशी त्यांनी तो आकडा दोन्ही डॉक्टरांना कळवला. डायबिटीसच्या डॉक्टरांनी केमोनंतरच्या चार दिवसांपुरतं सकाळचं इन्सुलिन लिहून दिलं. त्यांनी चिठ्ठीवर मोठ्या अक्षरांत 'फक्त चार दिवस' असं लिहून खाली रेघ मारली, तेही मला आवडलं. कारण स्टेरॉइड थांबलं की शुगर पुन्हा खाली येते, आणि वाढवलेला डोस कमी करायचं घरच्यांच्या लक्षात राहत नाही. मग पाचव्या-सहाव्या दिवशी शुगर एकदम घसरते.

म्हणून केमोचं चक्र चालू असताना निदान त्या चार-पाच दिवसांत दुपारच्या जेवणानंतर दोन तासांनी आणि रात्रीच्या जेवणाआधी शुगर बघावी. इन्सुलिन चालू असेल तर सकाळची आणि झोपतानाचीही. डॉक्टर वेगळं सांगतील तर त्यांचं ऐकावं. स्टेरॉइडच्या गोळ्या शुगर वाढते म्हणून आपल्या मनाने बंद करू नका. काही आजारांत त्या एकदम बंद करणं धोक्याचं असतं.

शुगर वाढली तर एवढं काय बिघडतं, असं विचारणारेही असतात. केमोपुढे शुगर म्हणजे किरकोळ, असं त्यांना वाटतं. पण शुगर सतत ३००च्या वर राहिली की अंगातलं पाणी कमी होतं, मूत्रपिंडावर ताण येतो, ऑपरेशनची जखम भरायला वेळ लागतो आणि संसर्ग लवकर होतो. केमोने पांढऱ्या पेशी आधीच कमी झालेल्या असतात. शुगर फार वाढलेली पाहून केमोची तारीख पुढे ढकललेली मी वॉर्डात अनेकदा पाहिली आहे. नंदुरबारहून, शिरपूरहून पहाटे निघून आलेली माणसं तशीच परत जायची.

उपचारांच्या काळात डॉक्टर शुगरचं लक्ष्य थोडं सैल ठेवतात. हॉस्पिटलात दाखल असलेल्या बहुतेक पेशंटसाठी १४० ते १८० या दरम्यान शुगर चालते. घरी कुणाला २००पर्यंतही चालवून घेतात. वय किती, हृदय आणि किडनी कशी, यावर ते ठरतं. त्यामुळे "आमचे नाना आधी ११०च्या वर कधी जात नव्हते" म्हणून जुन्याच आकड्याचा हट्ट धरू नये. तो हट्ट धरणाऱ्या घरात मग दुसरा प्रकार घडतो.

तो म्हणजे शुगर कमी होणं. आणि मला विचाराल तर घरात जास्त भीती याचीच बाळगावी.

केमोनंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी तोंडाची चव जाते, मळमळतं, उलट्या होतात. "माले चवच नही लागस," असं म्हणून माणूस ताट बाजूला सारतो. पण गोळी चुकवायची नाही हे दहा वर्षांचं वळण असतं. ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या शरीराला इन्सुलिन सोडायला लावतात. पोटात अन्न असो वा नसो. आमच्याच सोसायटीतल्या एका काकूंचं स्तनाच्या कॅन्सरचं केमो चालू होतं. त्यांनी रात्री दोन घास खिचडी खाल्ली, गोळी घेतली आणि अर्ध्या तासाने सगळं उलटून पडलं. पहाटे तीन वाजता मुलगा दार वाजवत आला. काकू घामाने भिजलेल्या, बोलणं अडखळलेलं. घरच्यांना वाटलं, लकवा मारला. मशीनवर आकडा ४८ होता. अर्ध्या ग्लास पाण्यात तीन चमचे ग्लुकोज पावडर हलवून हळूहळू पाजली, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासलं, ८१ आलं. मग दूध आणि बिस्कीट दिलं. पुढची गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय द्यायची नाही, असं सांगून मी घरी आले.

७०च्या खाली आकडा गेला की लगेच गोड द्यायचं, मागे-पुढे बघायचं नाही. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही घालू नका, श्वासनलिकेत जातं. १०८ला फोन करा. आणि ज्यांना तोंड आलेलं आहे, त्यांच्या उशाशी गोळ्या-चॉकलेट ठेवून उपयोग नाही, चघळता येत नाही. त्यांच्यासाठी ग्लुकोज पावडरचा डबा आणि पाण्याची बाटलीच हवी.

तोंडाच्या आणि घशाच्या कॅन्सरवर रेडिएशन घेणाऱ्यांची गोष्ट आणखी वेगळी. आठवड्याचे पाच दिवस याप्रमाणे सहा-सात आठवडे शेक चालतो. तिसऱ्या आठवड्यापासून तोंडात फोड येतात, थुंकी गिळणंही जड जातं. मग नाकातून नळी घालतात. नळीतून दर दोन-तीन तासांनी दूध, डाळीचं पाणी, डॉक्टरांनी दिलेली पावडर जाते. पातळ अन्नाने शुगर चटकन चढते, आणि एक वेळ चुकली की तितकीच चटकन उतरते. इथे एक साधी गोष्ट पाळावी: इन्सुलिनची सुई टोचायच्या आधी नळी जागेवर आहे ना आणि फीड तयार आहे ना, ते बघून घ्या. इन्सुलिन देऊन झालं आणि मग नळी निघाली, असं दोन घरांत झालेलं मला माहीत आहे. नळी पुन्हा बसवायला हॉस्पिटल गाठेपर्यंत जीव टांगणीला लागतो.

आता जेवण. यावरून घरात जेवढी भांडणं होतात, तेवढी दुसऱ्या कशावरून होत नसतील. एक जण म्हणतो, शुगर आहे, भात-केळं-बटाटा काही देऊ नका. दुसरा मोबाइलवर आलेलं वाचून दाखवतो की साखरेवर कॅन्सर पोसतो, म्हणून गोड आणि पिठूळ सगळं बंद करा. पेशंट बिचारा दुधी भोपळ्याच्या रसावर. एका घरी मी गेले तेव्हा दोन महिन्यांत नऊ किलो वजन उतरलं होतं आणि सगळे खूश, की शुगर बघा किती छान आली! ती छान आली नव्हती, माणूस उपाशी होता.

साखर तोडली म्हणून गाठ उपाशी मरत नाही. शरीरातल्या प्रत्येक पेशीला ग्लुकोज लागतं; खाल्लं नाही तर शरीर आपल्याच स्नायूंमधून ते तयार करतं. उपचार सोसायचे तर वजन आणि स्नायू टिकायला हवेत. त्यामुळे या काळात आधी पोटात अन्न जाऊ द्या आणि वाढलेली शुगर औषधाने सांभाळून घ्या, असंच बहुतेक डॉक्टर सांगतात. याचा अर्थ जिलेबी द्या असा नाही. थोडं थोडं, दिवसातून पाच-सहा वेळा, आणि प्रत्येक वेळी काहीतरी प्रथिनं. आपल्याकडे त्याला कमी नाही. उडदाच्या डाळीचं घट्ट वरण, तिखट न घालता. मऊ मुगाची खिचडी, वर चमचाभर तूप. कळण्याची भाकरी दुधात कुस्करून. अंडं चालत असेल तर पूर्ण उकडलेलं. दही ताजं, घरचं आणि पांढऱ्या पेशी फार खाली असतील तर डॉक्टरांना विचारून. शेवभाजी आणि भरीत-पुरी यांना काही महिने सुट्टी द्यावी लागते, तोंडाला झोंबतात. त्याबद्दल पेशंटने कुरकुर केली तर ऐकून घ्यावं, त्याचा तेवढा हक्क आहे.

भेटायला येणाऱ्यांनाही हात जोडून एक सांगणं आहे. नात्यातली माणसं ज्यूसचे डबे, नारळपाणी, मोसंबीची पिशवी घेऊन येतात. प्रेमानेच आणतात. आठ जण आले की आठ ग्लास ज्यूस होतो, आणि पेशंटला नको म्हणता येत नाही. त्याऐवजी डाळ, पनीर, घरचे शेंगदाणे आणा. आणि खरं तर एक रात्र पेशंटजवळ झोपायला या, म्हणजे घरच्या बाईला डोळा लागेल.

डायबिटीसच्या गोळ्यांबद्दल थोडं. कोणती चालू ठेवायची आणि कोणती थांबवायची, हे डॉक्टरच ठरवतात, पण काय विचारायचं ते आपल्याला माहीत असावं. उलट्या-जुलाब चालू असतील तर मेटफॉर्मिन चालू ठेवायची का, ते विचारा. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्या लघवीवाटे साखर बाहेर टाकतात. खाणं-पिणं सुटलेल्या माणसात त्यांनी पाणी कमी होतं आणि रक्तात आम्ल साठू शकतं. तेव्हा शुगर फार वाढलेली नसली तरी माणूस गंभीर होतो. ऑपरेशनच्या आधी त्या काही दिवस बंद करतात. उलटीसाठी ओलान्झापीन दिलेली असेल तर तिनेही शुगर थोडी वाढू शकते. आणि ज्यांना नवी इम्युनोथेरपी चालू आहे, त्यांनी एक लक्षात ठेवावं. शंभरात एखाद्या पेशंटला तिच्यामुळे अचानक इन्सुलिन लागणारा डायबिटीस होतो. फार तहान, पोटात दुखणं, धाप, अशी लक्षणं दिसली तर थांबू नये.

पेट स्कॅन असेल तर तारीख घेतानाच डायबिटीस आहे हे सांगा. त्या स्कॅनमध्ये किरणोत्सारी खूण लावलेलं ग्लुकोजच टोचतात. शुगर साधारण २००च्या वर असेल तर चित्र नीट येत नाही आणि परत पाठवतात. शुगर उतरावी म्हणून ऐनवेळी इन्सुलिन टोचून गेलात तर ते ग्लुकोज स्नायूंत जातं आणि स्कॅन तरीही बिघडतो. सकाळची की दुपारची वेळ घ्यायची, कोणती गोळी कधी थांबवायची, हे त्या सेंटरवाल्यांकडूनच लिहून घ्यावं.

तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीएवनसी तपासणी या काळात फसवी असते. केमोने रक्त कमी झालेलं असतं, कधी बाटली चढवलेली असते. रिपोर्ट ६.४ आला म्हणून निश्चिंत झालेल्या माणसाची दुपारची शुगर ३०० असू शकते. घरातलं मशीन आणि वही जास्त खरं बोलतात. बोट टोचण्याआधी हात साबणाने धुऊन कोरडे करा. फळ सोलल्यावर तसंच तपासलं तर आकडा खोटाच वाढलेला येतो.

अंगात १००.४ फॅरनहाइट ताप आला की केमोच्या पेशंटसाठी ती इमर्जन्सी असते. डायबिटीस असेल तर अधिकच. पॅरासिटामॉल देऊन सकाळची वाट बघू नका. पायांकडेही बघा. सिस्प्लॅटिन, ऑक्झॅलिप्लॅटिन, पॅक्लिटॅक्सेल या औषधांनी नसांना इजा होते आणि डायबिटीसने आधीच सुन्न झालेले पाय आणखी सुन्न होतात. चप्पल पायातून निसटली तरी कळत नाही. आमच्याकडे उन्हाळ्यात सिमेंटच्या गच्चीवर अनवाणी जाऊन तळवे भाजून घेतलेले एक काका होते. फोड आले ते सुनेने पाहिले, त्यांना पत्ताच नव्हता.

आपल्यातले बरेच जण उपचारांना परळच्या टाटा मेमोरिअलला जातात. १९४१ सालापासून चालू असलेलं ते हॉस्पिटल खानदेशातल्या म्हाताऱ्यांनाही नुसतं 'टाटा' म्हणून माहीत आहे. काही जण अहमदाबादच्या सिव्हिलमधल्या कॅन्सर इन्स्टिट्यूटला जातात. प्रवासात इन्सुलिन हा मोठा प्रश्न. उघडलेलं पेन साधारण चार आठवडे थंड जागी चालतं, पण मे महिन्यात उधना स्टेशनवर पिशवी उन्हात ठेवली तर त्याचा गुण जातो, आणि बर्फाला चिकटून गोठलं तरी जातो. ओल्या कपड्यात गुंडाळलेल्या डब्यात ठेवा, बर्फावर थेट ठेवू नका. फ्रीज नसेल तिथे ओल्या वाळूच्या मडक्यात छोटा डबा ठेवला तरी भागतं. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत कॅन्सरच्या पेशंटची सोय होते. तिथे काय किंवा भाड्याच्या खोलीत काय, जेवणाची वेळ आपल्या हातात नसते. टाटाच्या रांगेत दुपारचे तीन वाजतात. म्हणून जेवण समोर आल्याशिवाय जेवणाआधीचं इन्सुलिन टोचू नका, आणि पिशवीत चणे, बिस्किटं, ग्लुकोज पावडर कायम ठेवा. दोन्ही फायली बरोबर न्या. तिथल्या डॉक्टरांना तुमच्या शुगरच्या गोळ्या माहीत नसतात.

वही मात्र एकानेच लिहावी. तारीख, वेळ, आकडा, काय खाल्लं, कोणती गोळी किंवा किती युनिट, उलटी झाली का. एवढे रकाने पुरतात. केमोच्या दिवसाभोवती लाल गोल काढा, म्हणजे डॉक्टरांना एका नजरेत कळतं की शुगर कशाने चढली.

ज्यांच्या घरी अजून दोन्हींपैकी काहीच नाही, त्यांनी महानगरपालिकेच्या आरोग्य केंद्रात एकदा जाऊन यावं. तीस वर्षांवरच्यांची शुगर, बीपी आणि तोंडाची तपासणी सरकारी कार्यक्रमात होते. बायकांसाठी स्तनाची आणि गर्भाशयाच्या मुखाचीही. मावा खाणाऱ्यांनी तर आरशासमोर जीभ बाहेर काढून बघायची सवयच लावून घ्यावी.

शेवटी अशा घरांबद्दल, जिथे डॉक्टरांनी आता उपचार थांबवून फक्त त्रास कमी करायचं ठरवलं आहे. तिथेही मी दिवसातून चार वेळा बोट टोचताना पाहिलं आहे, कारण कुणी थांबवायला सांगितलेलं नसतं. ते विचारून घ्या. त्या वेळी शुगर फार खाली जाऊ नये आणि फार वाढून तहान-लघवीचा त्रास होऊ नये, एवढंच बघतात. बऱ्याच गोळ्या बंद करतात. आमच्या ओळखीच्या एका आक्कांना बारा वर्षं पुरणाचा घास कुणी दिला नव्हता. डॉक्टर म्हणाले, द्या. आखाजीला त्यांच्या लेकीने खापरावरचा मांडा केला, दुधात भिजवून मऊ केला. आक्कांनी दोन घास खाल्ले आणि तिसरा नातवाला भरवला.